आधी टिक, मग खाऊ : पिल्लाला मार्करनं कसं शिकवतात

पिल्लू घरी आलं की दोन-चार दिवसांत घरातले सगळे त्याचे मास्तर होतात. आजी म्हणते ‘बस’, धाकटा म्हणतो ‘सिट’, आणि बाबा वरच्या पट्टीत ‘ए, बस म्हटलं ना!’ पिल्लू सगळ्यांकडं बघतं, शेपटी हलवतं आणि चप्पल तोंडात धरून पळतं. कधीतरी ते खरंच बसतं. मग सगळे आनंदानं ओरडतात, कुणीतरी स्वयंपाकघरात धावतं, डबा उघडतं, बिस्किट घेऊन येतं. तोवर पिल्लू उठून त्याच माणसाच्या मागं आलेलं असतं आणि बिस्किट त्याला मिळतं ते अंगावर उडी मारताना. पिल्लाच्या हिशेबानं बिस्किट कशाचं मिळालं? उडीचं. दुसऱ्या दिवशी ते आणखी उंच उडतं आणि आपण म्हणतो, लई हट्टी जात आहे.

हट्टीपणाचा इथं काही संबंध नाही. आपण काय केलं आणि त्यातून काय मिळालं, यांची सांगड कुत्रं घालतं ती दोन्ही गोष्टी अगदी लागोपाठ घडल्या तरच. मध्ये दोन-तीन सेकंद गेले तरी तेवढ्यात पिल्लानं चार गोष्टी केलेल्या असतात: मान वळवली, कान खाजवला, उठलं, भुंकलं. त्यातली कुठली गोष्ट आपल्याला आवडली हे त्याला कळायला मार्ग नसतो. आणि कितीही चपळ माणूस असला तरी पिल्लाचं बूड जमिनीला टेकताक्षणी त्याच्या तोंडात तुकडा ठेवणं त्याला जमत नाही.

मार्कर ही त्यावरची युक्ती. एक छोटा, नेहमी एकसारखा आवाज. तो ऐकू आला म्हणजे ‘आत्ता केलंस ते बरोबर, खाऊ येतोय’. गर्दीच्या हॉटेलात काउंटरवर पैसे दिले की हातात टोकन पडतं. डोसा यायला वेळ लागला तरी आपण निवांत असतो, कारण व्यवहार टोकन मिळालं तेव्हाच पक्का झाला. मार्कर हे पिल्लाचं टोकन. खाऊ खिशातून निघून तोंडापर्यंत पोचायला तीन सेकंद लागले तरी चालतं, टोकन मात्र वेळेवर पडलं पाहिजे. टोकन घेऊनही डोसा आलाच नाही, असं दोन-तीनदा झालं तर आपण त्या हॉटेलात पाऊल ठेवत नाही. म्हणून नियम असा की आवाज केला की खाऊ द्यायचाच. चुकून, नको त्या क्षणी आवाज झाला तरीही द्यायचा. नुकसान एका तुकड्याचं होतं, भरवसा शाबूत राहतो.

ही कल्पना नवी नाही. पाव्हलॉव्ह यांची लाळ गाळणारी कुत्री आपण शाळेत वाचलेली असतात. (त्यांना 1904 चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी, हे मात्र शाळेत सहसा कुणी सांगत नाही.) आवाजामागून नेमानं अन्न आलं की आवाजालाच किंमत येते, एवढं तिथून घ्यायचं. पुढं अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ स्किनर आणि त्यांचे विद्यार्थी केलर व मेरियन ब्रेलंड यांनी त्याचा वापर जनावरांना शिकवण्यासाठी केला. स्किनर यांनी 1951 साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या लेखात कुत्र्याला शिकवण्यासाठी पत्र्याचं टिकटिक वाजणारं खेळणं सुचवलं होतं. तसलंच पत्र्याचं बेडूक आमच्या वयाच्या पुष्कळांनी जत्रेत वाजवून घरच्यांचं डोकं उठवलं असेल. डॉल्फिनला शिकवणाऱ्यांना तर याशिवाय गत्यंतरच नव्हतं. हवेत उडी घेतलेल्या डॉल्फिनला त्याच क्षणी मासा भरवणार कसा? तिथं शिट्टी आली. कॅरन प्रायर या हवाईत डॉल्फिनबरोबर काम केलेल्या बाईंनी ही पद्धत 1990 च्या दशकात कुत्री पाळणाऱ्यांत लोकप्रिय केली.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण क्लिकरवाल्यांचा (क्लिकर म्हणजे त्या बेडकासारखीच, दाबली की टिक वाजणारी हातातली छोटी डबी) उत्साह कधीकधी धर्मप्रचाराकडं झुकतो. इटलीत 51 कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना क्लिकरनं शिकवलं, काहींना एका शब्दानं, काहींना नुसता खाऊ देऊन. शिकण्यात ठळक फरक दिसला नाही. पण तिथं शिकवणारी माणसं सरावलेली होती, आणि आपल्या घरी गाडी नेमकी तिथंच अडते. माझ्या मते मार्करचा मोठा फायदा कुत्र्यापेक्षा माणसाला होतो. आवाज करायचा म्हटलं की ‘नेमका कधी?’ हा प्रश्न पडतो, आणि तो पडला की आपण पहिल्यांदाच पिल्लाकडं नीट बघायला लागतो.

आवाज कोणता घ्यायचा

क्लिकर ऑनलाइन स्वस्तात मिळतो. त्याचा आवाज दर वेळी एकसारखा येतो, ही त्याची जमेची बाजू. पण सकाळी एका हातात पट्टा, दुसऱ्यात दुधाची पिशवी असताना तो कुठं धरणार? म्हणून नवख्या माणसानं एक शब्दही ठरवून ठेवावा. ‘टिक’ चांगला: तोकडा, टणक, आणि घरात एरवी कुणी म्हणत नाही. ‘हां’, ‘छान’, ‘गुड’ टाळा. फोनवर आपण दिवसभर ‘हां, हां’ करतो, आणि पिल्लाला प्रत्येक वेळी खाऊचा भास झाला तर त्या शब्दाची किंमत आठवड्यात शून्यावर येते. लाडाच्या सुरातही म्हणू नका. सकाळी आनंदानं ‘टिईईक’ आणि संध्याकाळी दमून ‘टिक’, असं झालं की ते पिल्लाला दोन वेगळे आवाज वाटतात. बुजरं पिल्लू क्लिकरला दचकत असेल तर तो रुमालात गुंडाळून किंवा खिशातच वाजवा.

सोलापुरात याचा आणखी एक उपयोग आहे. इथं कितीतरी घरांत, निदान कितीतरी गल्ल्यांत, तीन भाषा एकाच ओट्यावर नांदतात. पिल्लाला मालक ‘बस’ म्हणतो, शेजारची अव्वा कानडीत ‘कूतको’ म्हणते, समोरच्या घरातले तेलुगूत ‘कूर्चो’. कुत्र्याला एका कृतीचे तीन शब्द शिकता येतात, त्यात अवघड काही नाही. फक्त ते एकेक करून शिकवावे लागतात, एकाच संध्याकाळी नाही. टिक मात्र तिन्ही घरांत एकच ठेवता येते.

आधी माणसावर प्रयोग

पिल्लाला हात लावण्याआधी आपलं बोट तयार करा. कुणाला तरी चेंडू टाकायला सांगा, आणि तो जमिनीवर आपटतो त्याच क्षणी टिक करा. सुरुवातीला बहुतेकांची टिक चेंडू वर उसळल्यावर येते. क्रिकेट बघताना बॅटला चेंडू लागताक्षणी टिक करून पाहा, घरच्यांना चालत असेल तर.

त्याहून मजेशीर खेळ माणसावर करायचा. जुळे सोलापुरात बहिणीच्या घरी आम्ही भाच्याला खोलीबाहेर पाठवलं आणि ठरवलं: आत येऊन त्यानं खिडकीतल्या कुंडीला हात लावायचा. त्याला सांगायचं काहीच नाही, फक्त टिक. आत आला, दोन पावलं खिडकीकडं टाकली, टिक. आणखी एक पाऊल, टिक. मग बहीण कशावरून तरी हसली आणि तिची एक टिक राहून गेली. झालं! पोरगं तिथंच थांबलं, मागं फिरलं, टीव्हीला हात लावला, पंख्याचं बटण दाबलं, शेवटी हात वर करून म्हणालं, “काय बे हे, कळंनाच मला! सांगा की सरळ!” चांगला सातवीतला हुशार पोरगा. एक टिक हुकली तर त्याची ही गत, मग चार महिन्यांच्या पिल्लाची काय होत असेल? हा खेळ प्रत्येकानं एकदा तरी बाहेर जाणाऱ्याच्या भूमिकेतून खेळावा. ‘माझं कुत्रं ऐकत नाही’ हे वाक्य नंतर पटकन तोंडात येत नाही.

खाऊ

तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा. खरंच एवढाच. पिल्लानं तो गिळून लगेच पुन्हा आपल्याकडं बघायला हवं. म्हणूनच आपली कडक भाकरी इथं कामाची नाही. पिल्लाला ती आवडते, पण एक तुकडा घेऊन ते कोपऱ्यात जातं, कुरूमकुरूम चावत बसतं, सांडलेला चुरा वेचतं, आणि तोवर आपण काय शिकवत होतो ते दोघंही विसरतो. मऊ भाकरी घरात चालेल. उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, घरचं पनीर उत्तम, सगळं बिनमिठाचं. दिवसभरात जेवढं दिलं तेवढं जेवणातून वजा करा.

दोन गोष्टी ठामपणे नको. द्राक्षं आणि बेदाणे, कारण त्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागा म्हटल्यावर बेदाण्याचा डबा घरोघरी असतो आणि आकारानं तो तुकडा शिकवण्यासाठीच बनवल्यासारखा दिसतो, म्हणून मुद्दाम सांगतो. दुसरी, कांदा-लसूण पडलेलं काहीही. शेंगाचटणी लावलेला भाकरीचा तुकडा प्रेमानं पुढं करणारे हात आपल्याकडं पुष्कळ आहेत, त्यांना अडवावं लागतं.

पहिला धडा

सुरुवात आवाजाला अर्थ देण्यापासून. पिल्लू शांत असताना टिक, मग तुकडा. दहा-पंधरा वेळा. काही करायला सांगायचं नाही. नंतर ते दुसरीकडं बघत असताना टिक करा. मान झटकन वळली आणि डोळे तुमच्या हातावर आले की काम झालं.

मग ‘बस’. गुळगुळीत टाइल्सवर पिल्लाचे मागचे पाय सरकतात आणि बसणं त्याला नकोसं वाटतं, तेव्हा जुनी सोलापुरी चादर चौघडी करून भिंतीच्या कोपऱ्यात टाका. तुकडा पिल्लाच्या नाकाजवळ धरा आणि हळूच डोक्यावरून मागं न्या. नाक वर जातं तसं बूड खाली येतं. तुमची नजर पिल्लाच्या मागच्या गुडघ्यांवर हवी, चेहऱ्यावर नको. गुडघे वाकू लागतात, शेपटी बाजूला होते, बूड चादरीला टेकतं. टेकलं की टिक, टेकल्यावर अर्ध्या सेकंदानं नव्हे. तेवढ्यात काही पिल्लं परत उचलतातही, आणि मग तुम्ही नेमानं ‘अर्धवट उठणं’ शिकवत राहता.

असं चार-पाच वेळा झालं की रिकाम्या हातानं तीच खूण करा, खाऊ कमरेच्या पिशवीत किंवा मागच्या टेबलावर ठेवा. हे लवकर केलं नाही तर पिल्लू हातात तुकडा दिसला तरच बसायला शिकतं.

आता सगळ्यात जास्त दिसणारी गडबड. टिक आणि हात दोन्ही एकदम हलतात, किंवा हात आधी पिशवीकडं जातो. आपल्याला वाटतं, टिक वाजवली, खाऊ दिला, झालं. पिल्लू मात्र हात बघतं. पिशवीकडं गेलेला हात हीच त्याच्यासाठी खाऊची खबर असते. त्यामागून आलेल्या आवाजात त्याला काही नवीन कळत नाही, त्यामुळं ते आवाजाकडं लक्षच देत नाही. महिन्याभरानं लोक म्हणतात की मार्करचा काही उपयोग होत नाही. तपासायला सोपं आहे: मोबाइल खुर्चीला टेकवून ठेवा, स्लो मोशनमध्ये शूटिंग करा आणि बघा. आधी टिक ऐकू यायला हवी, हात तोवर पोटाशी स्थिर, मग क्षणभर काहीच नाही, आणि नंतर हात हलायला हवा. पहिला व्हिडिओ बघून बहुतेकांना घाम फुटतो. टिक करताना हात पोटाशी घट्ट धरून ठेवण्याची सवय लावली की आठवड्याभरात सुधारतं.

खाऊ कुठं देता यालाही अर्थ आहे. टिकनं ‘काय बरोबर’ हे कळलं. तुकडा बसलेल्या पिल्लाच्या तोंडाशीच नेऊन दिला तर ते बसून राहायला लागतं. तोच तुकडा दोन फूट लांब टाकला तर ते उठून खातं, परत येतं आणि आपल्याला पुढची संधी मिळते. पहिल्या दिवसांत मी टाकतो, थांबणं शिकवायची वेळ आली की तोंडाशी देतो.

शब्द सगळ्यात शेवटी. पिल्लू आता बसणार हे तुम्ही पैजेवर सांगू शकत असाल, तेव्हाच बसण्याच्या किंचित आधी ‘बस’ म्हणायला लागा. एकदाच. ‘बस बस बस बस’ म्हटलं तर ते चौथ्या ‘बस’ला बसायला शिकतं, आणि त्यात त्याची चूक काय? दहापैकी आठ वेळा जमलं की थोडं अवघड करा: जास्त वेळ, जास्त अंतर किंवा आजूबाजूला जास्त गडबड, पण तिन्ही एकदम नाही. लागोपाठ दोन-तीनदा फसलं तर एक पायरी खाली या.

धडा दोन-तीन मिनिटांचा पुरे, दिवसातून दोन-चार वेळा. कुकरच्या शिट्ट्या होईतो एक उरकतो.

गल्लीत

लसीकरण पुरं होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर मोकळं उतरवू नका. पार्व्होसारखे रोग जमिनीवरून येतात. डॉक्टरांना विचारून कडेवर घेऊन मात्र जरूर फिरवा, कारण साधारण तीन ते चौदा आठवडे हे जग ओळखीचं होण्याचं वय असतं.

एकदा पट्ट्यानं चालायला लागलं की खरी परीक्षा सुरू होते: गल्लीतली कुत्री. प्रत्येक चौकाची टोळी ठरलेली असते आणि आपलं पिल्लू परकं. इथं मला मार्करचा सगळ्यात आवडता उपयोग सापडला. लांबून कुत्रं दिसलं की पिल्लाचे कान उभे राहतात, तोंड मिटतं, अंग ताठ होतं, आणि सेकंदभरानं भुंकणं सुरू होतं. तो मधला सेकंद आपला. कान उभे झाले, नजर गेली की टिक. हो, दुसऱ्या कुत्र्याकडं बघितल्याबद्दलच! टिक ऐकून पिल्लू तुकड्यासाठी तुमच्याकडं वळतं. पुन्हा बघितलं, टिक. काही दिवसांनी ते कुत्रं दिसलं की आपणहूनच तुमच्याकडं बघायला लागतं.

पिल्लू वळलंच नाही, चिकनही तोंडात घेईना, तर तुम्ही फार जवळ आहात. रागावण्यात अर्थ नाही, भाजीच्या गाड्याआड किंवा उभ्या रिक्षामागं व्हा आणि अंतर वाढवा. खाऊ घेतला जाईल ते अंतर म्हणजे आजची शाळा. घरात कारवानी किंवा मुधोळच्या रक्ताचं पिल्लू असेल तर हे अंतर आणखी मोठं धरा. ही कुत्री नजरेनं शिकार करणारी. संभाजी तलावाच्या बाजूला बगळा उडाला की त्यांच्यासाठी जगात दुसरं काही उरत नाही. अशा वेळी चिकनपेक्षा पळू देणं हेच मोठं बक्षीस असतं: तुमच्याकडं बघितलं, टिक, आणि मोकळ्या जागी लांब दोरीवर दोघं मिळून धावायचं. वास घेणाऱ्या पिल्लाला झुडपाकडं जाऊ देणं हाही खाऊच.

टिक हाक मारण्यासाठी वापरू नका. पिल्लू लांब माती उकरत असताना टिक केली तर ते धावत येतं खरं, पण टोकन पडलं ते माती उकरण्याचं. आणि फटाक्यांच्या वेळी टिक-बिक विसरा. दिवाळीत, किंवा गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं तेव्हा, घाबरलेल्या पिल्लानं काही करून दाखवायची गरज नाही. धडाम झालं की लगेच तुकडा, ते काय करतंय ते न बघता. खाण्याच्याही पलीकडं घाबरलं असेल तर आतल्या खोलीत, दारं लावून, पंखा आणि टीव्ही चालू करून जवळ बसा.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बाहेरची शाळा उजाडायच्या आत उरका. डांबरावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्यावर पिल्लाचे पंजेही नकोत. धापा टाकणारं कुत्रं खाऊ नाकारतं, ते उन्हानं. तिथं थांबा, पाणी पाजा.

सहाव्या-सातव्या महिन्यानंतर एक दिवस असा येतो की शिकवलेलं सगळं धुऊन गेल्यासारखं वाटतं. वयात येणारं पोर आहे ते. दोन पायऱ्या खाली उतरा, अंतर वाढवा, खाऊ सुधारा, आणि काही महिने चिकाटी ठेवा.

जी गोष्ट पिल्लाला पक्की येते तिला टिक लागत नाही. ‘बस’ म्हटलं, बसलं, पाठ थोपटली, कधी तुकडा दिला, कधी दार उघडून बाहेर सोडलं. टिक नवीन धड्यासाठी राखून ठेवा. खाऊ मात्र एका दिवसात बंद करू नका. काल दर वेळी मिळायचं आणि आज एकदाही नाही, तर पिल्लू आधी भुंकतं, पंजे मारतं, दुप्पट जोर लावतं, आणि वैतागून त्या गोंगाटाला तुकडा दिलात तर तोच नवा धडा होतो. आधी दर वेळी, मग दोनातून एकदा, मग कधी तिसऱ्याला कधी लागोपाठ दोनदा, असं अंदाज येऊ न देता कमी करत जा.